खिशातला रोटर

ताई, सप्रेम नमस्कार.

वय ६७, निवृत्त, मुक्काम लोकमान्य नगर, इंदूर. तुमचं सदर आमच्या घरी आधी बायको वाचते, म्हणून हे पत्र वाचनालयात बसून लिहितोय.

माझा मित्र, त्याला इथे बाळू म्हणू, पाचवीपासून माझ्या बाकावरचा. १९८५ साली आम्ही निम्मे निम्मे पैसे घालून महूच्या एका निवृत्त फौजी साहेबांकडून १९६७ची फियाट घेतली. लोक तिला डुक्कर फियाट म्हणतात, ते चूक आहे. डुक्कर फियाट त्याआधीची, गोल पाठीची. आमची ११०० डिलाइट, मागे पंख असलेली. कागद बाळूच्या नावावर, गाडी त्याच्या अंगणात. स्टिअरिंग त्याचं, बॉनेटही त्याचंच. माझ्याकडे नकाशा, हिशोब, थर्मास आणि रात्रीच्या मुक्कामाला रोटर. गाडी धर्मशाळेबाहेर लावली की बाळू डेल्कोची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याची, टोपी उघडून आतला फिरता रोटर काढायचा आणि माझ्या हातात ठेवायचा. 'घाल खिशात. आता ब्रह्मदेव आला तरी ही सुरू व्हायची नाही.' महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर, धुळे, नाशिक, सगळीकडे मी तो खिशात घेऊन झोपलो आहे. यंदा गाडी आमच्याकडे येऊन चाळीस वर्षं झाली, म्हणून डिसेंबरात आग्रा रोडने पुन्हा नाशिकला जायचं ठरलंय.

अडचण अशी. गणपतीच्या आधी महेश्वरहून परत येत होतो. दिवेलागणीची वेळ, मानपूरच्या अलीकडे डाव्या हाताच्या कच्च्या रस्त्याने एक मोटरसायकल आली, मागे बायको आणि लहान पोर. बाळूला ती दिसलीच नाही. मी ओरडलो, त्याने गाडी झटकन वळवली, वाचलो. 'अचानक आला रे तो,' बाळू म्हणाला. अचानक नव्हता आला. त्याआधी दोन महिन्यांत बाळूने स्वतःच्याच फाटकाला डावा मडगार्ड दोनदा घासलाय. रात्री समोरचे दिवे फुलबाजीसारखे फुटतात, असं एकदा बोलून गेला होता. डोळ्यांचा विषय काढला की म्हणतो, लायसन २०२८ पर्यंत आहे.

मग मी एक उद्योग केला. तीन आठवड्यांपूर्वी तो दूध आणायला गेला असताना अंगणात जाऊन रोटर काढून आणला. गाडी तेव्हापासून बंद. बाळू रोज संध्याकाळी ओटल्यावर बसून मला सांगतो, आज प्लग घासले, आज कॉइल तपासली, आज पॉइंट साफ केले, पण करंट काही येत नाही. मी मान डोलावतो. रोटर माझ्या लेंग्याच्या खिशात असतो. वहिनींना सांगू का? की डिसेंबर उलटेपर्यंत गप्प राहू? मला गाडी चालवता येते, मुलाची ऑटोमॅटिक चालवतो, पण फियाटच्या स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. मन फार खातं.

ता. क. गाडीला व्हिंटेजचा व्हीए नंबर घ्यावा, असं बाळूच्या मनात आहे. घ्यावा का?

– एक रोटरचोर, इंदूर

*

दादा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा मानपूरपाशी अंगावर काटा आला. तिसऱ्यांदा 'पॉइंट' या शब्दापाशी अडकले आणि तिथून हललेच नाही.

मी रामबागेत वाढले. वडिलांची मार्क टू अ‍ॅम्बेसेडर होती आणि ती रस्त्यावर जितकी असायची त्याहून जास्त वेळ बॉनेट उघडून उभी असायची. टॉर्च धरून उभं राहायचं काम माझं, त्यामुळे डेल्को माझ्या नजरेखालून शंभरदा गेलाय. त्याची टोपी दोन क्लिपांवर बसते. क्लिपा उडवल्या, टोपी उचलली की सगळ्यात वर दिसतो तो रोटर. पॉइंट, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टिकल्या, त्याच्या खाली. रोटर उपटून बाजूला ठेवल्याशिवाय पॉइंटला नीट हात लागत नाही.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. 'आज पॉइंट साफ केले.'

दादा, रोटर तर तुमच्या लेंग्यात होता. बाळूंनी टोपी उघडली तेव्हा तिथे नुसता दांडा उभा असणार. चाळीस वर्षं ज्याने ते बॉनेट सांभाळलं, त्याला हे कळायला किती वेळ लागला असेल? आणि रोटर गेला कुठे, असा विचारही त्यांना करावा लागला नसेल, कारण चाळीस वर्षांत गाडीतून निघालेला रोटर एकाच ठिकाणी जात आलाय. ती जागा त्यांनीच नेमून दिली होती. तुम्ही चोरी केलीत ती नेमकी ओळखीच्या खिशात माल ठेवून.

म्हणजे बाळूंना माहीत आहे. निदान ज्या दिवशी ते पॉइंटचं बोलले त्या दिवसापासून तरी. मला तर वाटतं, तो शब्द त्यांनी मुद्दाम टाकला. तुम्ही काय म्हणता ते बघायला. तुम्ही मान डोलावलीत.

मग ते गप्प का? भांडण नको म्हणून, असं म्हणता येईल. पण मला दुसरं कारण दिसतं. फियाटचा रोटर ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. पद्मिनी म्हणजे तुमच्या डिलाइटचीच पुढची पिढी, तेच १०८९ सीसीचं इंजिन, आणि मुंबईत पद्मिनी टॅक्सी पार २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होत्या. सियागंजात दोन दुकानं फिरले असते, नाहीतर कुठल्याही जुन्या मिस्त्रीला फोन केला असता, तरी आठवडाभरात रोटर हातात आला असता. तीन आठवडे झाले, आणलेला नाही. ज्याला डिसेंबरात नाशिक गाठायचंय तो माणूस गाडी बंद ठेवून रोज संध्याकाळी तुम्हाला नव्या दुरुस्तीची गोष्ट सांगतोय. मानपूरला घाबरलेले तुम्ही एकटे नव्हता, दादा. त्यांना 'मी चालवत नाही' म्हणायचं नाहीये आणि गाडी सुरू होत नाही म्हटलं की म्हणावं लागत नाही. तुम्ही रोटर नेलात आणि त्यांची सोय केलीत.

इथे तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की, चालू द्या असंच. नाही. आणि का नाही, ते मला घरच्या अनुभवाने माहीत आहे.

वडील चौऱ्याहत्तरचे असताना एका संध्याकाळी त्यांनी अ‍ॅम्बेसेडर शेजारच्यांच्या ओटल्यावर चढवली. कोणाला लागलं नाही, दोन कुंड्या फुटल्या. आम्ही भावंडांनी स्वयंपाकघरात कुजबुजून ठरवलं की किल्ली लपवायची आणि सांगायचं, बॅटरी बसली. आईने किल्ली पिठाच्या डब्यामागे ठेवली. वडिलांनी चार दिवस विचारलं, पाचव्या दिवशी विचारलं नाही. पुढे ते संध्याकाळी उभ्या गाडीत जाऊन बसायचे, काच खाली करून पेपर वाचायचे. सहा वर्षांनी गेले. त्यांचं पाकीट उघडलं तर विम्याच्या जुन्या पावतीच्या घडीत अ‍ॅम्बेसेडरची दुसरी किल्ली. इतकी वर्षं तिथे असल्याने कागदावर तिचा तपकिरी ठसा उमटला होता.

त्यांनी ती कधी वापरली नाही. आम्ही त्यांना थांबवलं असं आम्हाला वाटत राहिलं आणि त्यांनी ते वाटू दिलं. पण मला जे आजही टोचतं ते हे नाही. माझ्या भावाला गाडी उत्तम यायची. एखाद्या रविवारी वडिलांना शेजारी बसवून राजवाड्यावरून एक चक्कर मारून आणायला काय लागणार होतं? सहा वर्षांत एकदाही नेलं नाही, कारण बॅटरी बसली होती ना. गाडी सुरू केली असती तर खोटं उघडं पडलं असतं. त्यांच्या हातून स्टिअरिंग काढून घ्यायचं होतं, आम्ही अख्खी गाडीच काढून घेतली.

तर रोटर परत करा. या आठवड्यातच.

पण त्याआधी तुम्हाला एक रागावून सांगायचंय. तुमच्या पत्रात डुक्कर फियाट कुठली यावर तीन वाक्यं आहेत आणि मोटरसायकलवरच्या बाईला आणि पोराला मिळून चार शब्द. 'वाचलो', असं लिहिता. कोण वाचलं? तुमच्याभोवती पत्र्याची पेटी तरी होती. त्या पोराभोवती काय होतं? तुम्ही दोघं एकमेकांचं मन जपताय ते गोड आहे, पण या हिशोबात तिसरं माणूस आहे आणि ते रस्त्यावर उघडं आहे. त्यामुळे गप्प राहण्याचा पर्याय तुम्ही माझ्यापुढे ठेवलात तरी मी त्याच्याकडे बघणार नाही.

कसं सांगायचं ते सांगते. घरात नको, अंगणात, गाडीपाशी. रोटर बॉनेटवर ठेवा आणि थोडक्यात बोला. माफीनाम्याचं भाषण केलंत तर तेच तुमची समजूत काढत बसतील आणि मूळ विषय राहून जाईल. मानपूरचं मात्र पुरतं सांगा. तो कुठून आला, तुम्हाला किती आधीपासून दिसत होता, मागे कोण होतं. 'तुला दिसत नाही' हे वाक्य तोंडातून काढू नका, त्यावर भांडता येतं. 'मला तो दिसत होता, तू बघितलंच नाहीस' यावर भांडायला काही उरत नाही. ते चिडतील. गाडी सुरू करता येत नाही, आला मोठा शहाणा, असंही म्हणतील. म्हणू द्या.

आता डोळ्यांचं. मी डॉक्टर नाही, पण तुमच्या पत्रातल्या तीन खुणा मी एका ओळीत लावल्या. मोटरसायकल डावीकडून. मडगार्ड डावा, दोन्ही वेळा. आणि दिवे फुटतात ते समोरचे. दिवे फुटणं हे बहुधा मोतीबिंदूचं लक्षण, आणि तो असेल तर चिंता नको, शस्त्रक्रियेने बहुतेकांना चांगलं दिसू लागतं. पण एका बाजूचं न दिसणं वेगळं. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते आणि ज्याची जाते त्याला पत्ता लागत नाही, कारण समोरचं स्वच्छ दिसत असतं. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत औषध सुरू झालं तर उरलेली राखता येते. एकाच बाजूचं कमी दिसण्याचं कारण कधी डोळ्यांत नसून मेंदूतही असतं. म्हणून नुसता चष्म्याचा नंबर तपासून घरी येऊ नका. डॉक्टरांना डाव्या मडगार्डची गोष्ट सांगा, तुम्ही स्वतः सोबत जाऊन सांगा, कारण बाळू ती गाळणार. मग ते डोळ्यातलं प्रेशर बघतील आणि फील्ड टेस्ट करतील. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. बाळूंना खेळ वाटेल.

लायसन २०२८ पर्यंत आहे, हा मुद्दा फार ताणू देऊ नका. पंचावन्न उलटल्यावर लायसन पाच-पाच वर्षांचं मिळतं आणि त्यासोबत फॉर्म १ए वर डॉक्टरची सही लागते. ती सही त्या दिवशीच्या डोळ्यांबद्दल असते. लायसनच्या अर्जात आपण स्वतःबद्दल जे लिहून देतो त्यातला एक प्रश्न असा आहे, की चांगल्या उजेडात, चष्मा लावून, २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? हे तुम्ही दोघं उद्या सकाळी अंगणाबाहेर करून बघू शकता. फियाटपासून तेहतीस-चौतीस पावलं मोजा आणि वळा. पण बाळूंनी नंबर घडाघडा वाचून दाखवला तरी भुलू नका. तो नंबर समोर आहे आणि दिवसाउजेडी आहे. मानपूरचा माणूस कडेला होता आणि संध्याकाळ होती.

आणि तुम्हीही ६७चेच आहात. दोघांची तपासणी एकाच दिवशी करून घ्या. त्यात त्यांचाही मान राहील.

वहिनींना आधी सांगायला जाऊ नका. ज्याचं आहे त्याला पहिल्यांदा कळलं पाहिजे. पण तपासणीला यायचं नाही आणि गाडी मात्र काढायची, असं बाळूंनी केलं तर त्याच दिवशी वहिनींना सांगा, आणि सांगणार आहे हे बाळूंना आधी सांगून मग सांगा. त्या गाडीत तुम्ही बसायचं नाही, हे ओघानेच आलं. मला वाटतं, ही वेळ येणार नाही. ज्याला गाडी काढायचीच होती त्याच्याकडे तीन आठवडे होते.

नाशिकचं काय? डॉक्टर काय म्हणतात त्यावर आहे, पण एक गोष्ट त्यावर अवलंबून नाही. तुम्ही फियाट शिका. आत्ताच शिका, बाळूंकडून. रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर जा, रस्ता रुंद आणि मोकळा असतो. मुलाच्या ऑटोमॅटिकने तुमचा डावा पाय आळशी केला असणार, त्याला क्लच आठवेपर्यंत गाडी दहादा बंद पडेल. स्टिअरिंगखालच्या दांड्यावरचा गिअर सापडेपर्यंत बाळू तुमच्या सात पिढ्या काढतील. काढू द्या. चाळीस वर्षं तुम्ही त्यांच्या कानाशी बसून 'आता डावीकडे, आता हळू' करत आलात, त्याची फेड आहे ही.

पहिली सहल नाशिकची नको, उज्जैनची करा. पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सगळा माळव्याचा सपाट रस्ता, घाट नाही, दुपारी जाऊन दिवस मावळायच्या आत परत. नाशिकच्या वाटेवर मानपूर सोडलं की पठार संपतं आणि घाटाने गाडी नर्मदेच्या खोऱ्यात उतरते. पुढे सेंधवा ओलांडलं की बिजासनचा घाट. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लांब उतारावर पाय सतत पॅडलवर ठेवला तर ड्रम तापतात आणि ऐन वेळी पॅडल दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढवला असता त्याच गिअरमध्ये उतरवायचा, हे बाळूंना पाठ असेल. तुम्हाला पायात उतरवावं लागेल आणि त्याला एका डिसेंबरपेक्षा जास्त वेळ लागला तर लागू द्या. चाळीस वर्षं झाल्याचा सोहळा एक्केचाळिसाव्या वर्षी केला म्हणून फियाट रागावणार नाही.

ता. क. चं उत्तर. व्हीए नंबर घाईने घेऊ नका. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची १९६७ची आहे, वयात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५,०००. पण ती नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. उज्जैनला उगाच जाऊन आलो, हे त्यात बसत नाही. तुमची गाडी उगाच जाऊन येण्यासाठीच आहे, तेव्हा आहे तीच नोंदणी आणि फिटनेस वेळच्या वेळी करून घ्या. पुढे कधी दोघांपैकी कोणालाच चालवता येईनाशी झाली तर नंबराचा विचार करा.

रोटर बसवल्यावर गाडी पहिल्या सेल्फला उठली नाही तर दचकू नका, आणि बाळूंनी 'बघ, काय करून ठेवलंस' म्हटलं तर ऐकून घ्या. तीन आठवड्यांत कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असणार. पंपाने ते पुन्हा वर चढेपर्यंत थोडे सेल्फ मारावे लागतील. शिवाय हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि १९६७च्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. बॉनेट उघडलंच आहे तर पेट्रोलचे पाइप दाबून बघा, मऊ किंवा चिकट लागले तर बदला, आणि पंपाचा पडदाही मिस्त्रीला दाखवा. या कामाला मात्र दोघं मिळून सियागंजात जा.

आणि हो, रोटर बॉनेटवर ठेवण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तुमच्या वयाच्या माणसाच्या लेंग्याच्या खिशात सुपारीचा चुरा हमखास असतो.